आज्ञावली : एका दमात की टप्प्याटप्प्याने?

पावसाळा भरात आला की कोल्हापुरात सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न विचारला जातो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले? पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर चढले आणि पुणे-बेंगळूरु महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला.

आता अशी कल्पना करा की, तुमच्या वर्गाने संगणकाची एक आज्ञावली लिहायचे ठरवले आहे. नदीची पातळी घ्यायची आणि लोकांना फोनवर वेळीच सूचना द्यायची. हे काम तुम्ही कसे कराल?

एक रीत अशी. नोव्हेंबरात सगळ्या गरजांची यादी करायची, मग आराखडा, मग लेखन, शेवटी तपासणी. आणि जुलैत आज्ञावली लोकांच्या हाती द्यायची. या रीतीला ‘धबधबा’ म्हणतात, कारण खाली आलेले पाणी वर जात नाही. विन्स्टन रॉइस यांच्या 1970 सालच्या एका निबंधाशी या रीतीचे नाव जोडले जाते. गंमत अशी की, एका फेरीत सरळ खाली जाणे धोक्याचे आहे, असे रॉइस यांनी त्याच निबंधात सांगितले होते! आकृती पाहायची आणि पुढची पाने सोडून द्यायची, ही सवय केवळ विद्यार्थ्यांनाच असते असे नाही.

दुसरी रीत पाहा. पहिल्या पंधरा दिवसांत एवढेच करायचे : आजची पातळी फोनवर दिसली पाहिजे. बाकी काही नाही. हे अर्धेमुर्धे काम घेऊन तुम्ही नदीकाठच्या प्रयाग चिखलीला गेलात, तर तिथली एखादी आज्जी म्हणेल, “फुटाचं मला काय कळतंय लेकरा? जनावरं कवा हलवायची, तेवढं सांग.”

झाले! नोव्हेंबरात बसून केलेल्या यादीत हे वाक्य कधीच आले नसते. आज्जीला आकडा नको आहे, वेळ हवी आहे. मग पुढच्या पंधरा दिवसांचे काम ठरते. समजा, सकाळी 6 वाजता पातळी 41 फूट होती आणि 9 वाजता साडेएक्केचाळीस झाली. म्हणजे तीन तासांत अर्धा फूट. याच गतीने 43 फुटांना उरलेला दीड फूट चढायला नऊ तास लागतील, म्हणजे संध्याकाळचे 6 वाजतील. पण नदी पात्राबाहेर पडून शेतांत पसरली की तेवढ्याच पाण्याने पातळी कमी चढते. तेव्हा हा सरळ रेषेचा हिशेब दर तासाला नव्याने मांडावा लागणार. तिसऱ्या फेरीत कोणीतरी विचारील, वीज गेली आणि इंटरनेट बंद पडले तर? मग साध्या संदेशाची सोय करा. प्रत्येक फेरीत थोडे करायचे, वापरणाऱ्याला दाखवायचे आणि त्याचे ऐकून पुढचे ठरवायचे.

भौतिकशास्त्रात याला प्रत्याभरण म्हणतात. सायकल चालवताना तुम्ही क्षणाक्षणाला हँडल किंचित वळवता, म्हणून तोल राहतो. डोळे मिटून, आधी पाठ केलेल्या वळणांनी सायकल चालवून पाहा! (खरोखर पाहू नका.)

2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे 17 सॉफ्टवेअर-तज्ज्ञ जमले आणि त्यांनी अशा पद्धतींना ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, हे नाव दिले. कल्पना मात्र जुनीच. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. ग्राहकाच्या मनातली ही भीती कारखान्यात बसून कशी कळणार? त्यासाठी बांधावरच जावे लागते.

मग सगळीच कामे अशी करावीत का? इथे जरा थांबा. आपल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला आले की ते पाण्याच्या दाबानेच उघडतात. त्यांचे गणित काँक्रीट ओतण्यापूर्वीच बरोबर असावे लागते. पंधरा दिवसांनी पाहू, असे चालत नाही. आज्ञावली बदलायला भिंत फोडावी लागत नाही, म्हणून तिथे चपळपणा परवडतो. पण आज्ञावलीची चूकही महाग पडू शकते.

4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान-5 हे रॉकेट उड्डाणानंतर 40 सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत आधीच्या एरियान-4 ची आज्ञावली होती. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्याच्याशी निगडित एक मोठी संख्या 16 बिटांच्या जागेत कोंबली गेली. तिथे 32,767 हून मोठा आकडा मावत नाही, आणि यंत्रणा कोलमडली. जुन्या रॉकेटवर ती आज्ञावली बिनचूक चालली होती, हे विसरू नका.

म्हणूनच चपळ पद्धतीत दर फेरीला नव्या भागाबरोबर जुना भागही पुन्हा तपासतात. हे काम कंटाळवाणे असते, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तेच आधी गळते. रोज सकाळी दहा मिनिटे उभ्याने बैठक घेतली, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या, की अ‍ॅजाइल आले असे काहींना वाटते. चिठ्ठ्या लावायला माझी हरकत नाही; पण पंधरा दिवसांत आज्जीला काही दाखवलेच नसेल, तर तो नुसता शोभेचा भाग. आपल्या आज्ञावलीतही चिखलीच्या वाटेवर पाणी कधी येते हे गावकऱ्यांशी बोलून फेरीफेरीने बदला, पण 43 हा आकडा कोणी सहज बदलू शकणार नाही, अशी तजवीज पहिल्याच दिवशी करा.

संगणक नसला तरी हा प्रयोग करता येईल. पाऊस सुरू झाला की वर्तमानपत्रातून बंधाऱ्याची रोजची पातळी वहीत उतरवा आणि आलेख काढा. दर रविवारी पुढच्या दिवसाचा अंदाज लिहून ठेवा, सोमवारी खरी पातळी शेजारी मांडा. दोहोंतला फरक किती इंच आला आणि कोणत्या आठवड्यात तो सर्वांत जास्त होता, ते आम्हाला कळवा.