दोघांसाठी फिरते घर : आतली मांडणी कशी निवडावी

निवृत्तीनंतर दोघांनीच गाडी घेऊन नर्मदा परिक्रमेला निघावे आणि रात्रीचा मुक्कामही गाडीतच करावा, असा विचार आपल्या मंडळातल्या काही घरांत सध्या जोर धरतो आहे. त्यातली बरीचशी मंडळी मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेली. तिथे पिकअप ट्रकच्या मागे जोडलेली भली मोठी घरे त्यांनी पाहिली, काहींनी आत शिरूनही पाहिले आणि मल्हारगंजात परत आल्यावर कागदावर रेघा ओढायला सुरुवात झाली. असे तीन-चार कागद आमच्यापुढे आले. सगळ्यांवर एक गोष्ट सारखी होती : स्वयंपाकघर आणि बैठक आधी काढलेली, बिछाना उरलेल्या जागेत. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. दोघांच्या गाडीचा नकाशा बिछान्यापासून काढायला घ्यावा, आणि त्यातही दोघांपैकी रात्री जो जास्त वेळा उठतो त्याच्यापासून.

आधी त्या अमेरिकी घरांबद्दल, कारण मनात चित्र त्यांचेच असते. त्यांना तिथे ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. नाव ऐकून पाचवे चाक शोधू नये. जुन्या चारचाकी बग्गीत पुढच्या आसावर एक आडवी लोखंडी कडी असे, तिच्यावर पुढची चाके वळत. ते बग्गीचे पाचवे चाक. या ट्रेलरची जोडणीही तशीच वळते म्हणून नाव तेच राहिले. साध्या ट्रेलरचा आकडा गाडीच्या मागच्या बंपरपाशी असतो. याची जोडणी पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर बसते. ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा भाग थेट पिकअपवर येतो. म्हणजे साडेचार टनांचा ट्रेलर असेल तर सुमारे नऊशे किलो. त्यामुळे ओढताना तो कमी डुलतो, पण त्यासाठी पिकअपही तसाच दणकट लागतो.

जोडणीच्या वरचा भाग उंचावर येत असल्याने बहुतेक वेळा शयनगृह तिथे केलेले असते आणि दोन-तीन पायऱ्या चढून जावे लागते. खाली बैठक आणि स्वयंपाकघर. भिंतीचा काही भाग बटण दाबून दोन-तीन फूट बाहेर सरकतो, त्याला स्लाइड-आउट म्हणतात. मुक्कामावर पोचल्यावर घर एकदम ऐसपैस होते. पाहणारा भुलतो तो इथेच. मुलांकडे गेल्यावर असे घर घ्यायचा किंवा आठवडाभर वापरायचा योग आला, तर एकच परीक्षा करावी : भिंती आत सरकवून ठेवायला सांगाव्यात आणि मग बिछान्यापर्यंत व संडासापर्यंत पोचता येते का ते पाहावे. प्रवासात दुपारी रस्त्याच्या कडेला थांबल्यावर घर त्याच अवस्थेत असते. काही मांडण्यांत सरकलेला सोफा शयनगृहाची वाटच अडवून बसतो. गुडघे दुखत असतील तर त्या पायऱ्याही लक्षात घ्याव्यात. मात्र त्या मांडणीत एक गोष्ट फार शहाणपणाची असते : न्हाणीघर बहुधा शयनगृहाला लागून असते. अमेरिकेहून उचलायचेच असेल तर हे उचलावे, बैठक नव्हे.

आपल्या रस्त्यांवर फिफ्थ व्हील घराचा विचार मनातून काढून टाकलेला बरा. ओढणारी तशी गाडी आपल्या बाजारात नाही, आणि सिमरोलच्या पुढे भेरू घाटाची वळणे ज्यांनी जुन्या रस्त्याने पार केली आहेत त्यांना आणखी कारण सांगायला नको. आपल्याकडे सोयीची आहे ती एकाच सांगाड्यावरची कॅरॅव्हॅन. तिचा सांगाडा तर आपल्या दारातच तयार होतो : फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर पीथमपूरला बनते. चाकांमधले अंतर ३०५०, ३३५०, ३७०० आणि ४०२० मिलिमीटर अशा मापांत ती मिळते; म्हणजे प्रत्येक टप्प्याला फूट-सव्वा फूट वाढतो. सर्वांत लांब गाडी सुमारे सात मीटर, म्हणजे २३ फूट भरते. साडेसात टनांच्या आतली असल्याने हलक्या मोटारीचा परवाना तिला चालतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. जुनी ट्रॅव्हलर घेऊन ओळखीच्या मिस्त्रीकडून आत पलंग-ओटा ठोकून घेऊ, असा बेत अनेकांचा असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याच्या आड येते. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी असलेल्या बांधणीदाराकडूनच काम करून घ्यावे आणि आरसीवर नोंद काय येणार हे पैसे देण्याआधी विचारावे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पाहते.

आता बिछाना. बाहेरून सात फूट दिसणारी गाडी आतून तेवढी नसते. पत्र्याच्या आत इन्सुलेशन आणि वर प्लाय लागला की दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच जातात. त्यामुळे माप घ्यायचे ते आतून, गादीच्या उंचीवर, आणि तयार गाडीत.

सर्वांत जास्त दाखवली जाते ती मांडणी म्हणजे मागच्या बाजूला आडवा पलंग. भिंतीपासून भिंतीपर्यंत झोपायचे, पलंगाखाली सामान. गाडीची लांबी फक्त साडेचार फूट खर्च होते, म्हणून बांधणीदाराला ती आवडते. पण दोन अडचणी आहेत. घरातला उंच माणूस पाऊणेसहा फुटांचा असेल तर त्याचे डोके आणि पाय दोन्ही भिंतींना टेकतात. दुसरी अडचण मोठी : आतल्या बाजूला झोपणाऱ्याला उठायचे तर दुसऱ्याच्या अंगावरून जावे लागते. तिशीत हे चालते. मधुमेहामुळे किंवा प्रोस्टेटमुळे रात्री तीनदा उठणारा माणूस असेल, तर तिसऱ्या दिवसापासून दोघांचीही झोप मोडते आणि पाचव्या दिवशी परिक्रमा अर्धवट सोडायची भाषा सुरू होते.

उभा जोडपलंग घेतला, म्हणजे गाडीच्या लांबीत, तर उंचीचा प्रश्न सुटतो. पण चार फुटांचा पलंग एका भिंतीला लावावाच लागतो, म्हणून भिंतीकडच्या माणसाला पायथ्यापर्यंत सरकत यावे लागते. शिवाय सव्वासहा फूट लांबी जाते. लांब गाडी असेल आणि दोघांचीही कंबर धड असेल, तर याला आमची हरकत नाही.

साठीच्या पुढच्या जोडप्यांना आम्ही तिसरी मांडणी सुचवतो. दोन्ही भिंतींना लांबीत दोन बाके, प्रत्येकी सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद, मध्ये चालायला वाट. फर्स्ट एसीचा कूपे डोळ्यांपुढे आणावा. फरक इतकाच की दोन्ही बर्थ खालचे. दिवसा बसायला, रात्री झोपायला. प्रत्येकाचे पाय आपापल्या बाजूने खाली, कोणी कोणाला ओलांडत नाही. मागचा दरवाजाही मोकळा राहतो, आणि आग किंवा अपघाताच्या वेळी दुसरी वाट असणे किती महत्त्वाचे हे वेगळे सांगायला नको. “या वयात वेगवेगळे झोपायला लावता काय?” असा प्रश्न एका काकांनी भर बैठकीत विचारला होता. मधल्या वाटेत बसणारी फळी आणि तिसरी गादी करून घ्यावी. हवा तेव्हा मोठा पलंग तयार होतो. काकूंचे मत मात्र फळी घरीच ठेवावी असे पडले.

संडास बिछान्याच्या जवळ हवा, पण उशाशी नको. मधल्या सरकत्या दाराच्या मागे अडीच बाय तीन फुटांची ओली खोली बसते, तिथे तो ठीक. मागच्या कोपऱ्यात गेला तर रात्री दुसऱ्याच्या पायांना धडकत जावे लागते. प्रकार कॅसेटचाच घ्यावा. सुमारे वीस लिटरचा डबा बाहेरून काढता येतो आणि दोघांना दोन-तीन दिवस पुरतो. गाडीखाली मोठी टाकी बसवली तर ती रिकामी करण्याची सोय अमेरिकेत ठिकठिकाणी असते, आपल्या वाटेवर नाही. कॅसेट धर्मशाळेच्या किंवा हॉटेलच्या संडासात परवानगी घेऊन रिकामी करता येते. नाल्यात किंवा नर्मदेच्या काठाला नाही, हे लिहावे लागू नये. पण २०२१ मध्ये देशातले पहिले वॉटर प्लस शहर ठरलेल्या इंदूरचे आपण, म्हणून लिहिले.

स्वयंपाकघराबद्दल आम्ही मंडळातल्या भगिनींना वेगळे विचारले, कारण सगळे कागद पुरुषांच्या हातचे होते. तीन शेगड्या, मोठा ओटा, चिमणीसुद्धा! उत्तरे सरळ होती. चहा, खिचडी आणि पोहे एवढ्याला एक शेगडी पुरते. “पोळ्या लाटायच्या असतील तर मी घरीच बरी,” असे एकीने सांगितले, आणि बाकीच्यांनी मान डोलावली. ओटा दारापाशी ठेवावा, म्हणजे वाफ आणि वास बाहेर जातो. गॅस पेटलेला असताना खिडकी उघडी हवीच, आणि ऊब मिळावी म्हणून रात्री शेगडी पेटवून झोपणे जिवावरचे आहे.

पाण्याची टाकी शंभर लिटरची पुरे. जपून वापरले तर दोघांना तीन दिवस जाते. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, तेव्हा ती मागच्या आसाच्या फार मागे नको. शेपटीत वजन गेले की गाडी खड्ड्यांत उसळते. एसीवर फार आशा ठेवू नये. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे जेमतेम २.४ युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला सुमारे एक युनिट खातो. दोन-सव्वादोन तासांत खेळ संपतो. परिक्रमा चातुर्मास संपल्यावरच उचलतात, आणि निमाडात उन्हाळ्यात गाडीत झोपणे तसेही शक्य नाही. हिवाळ्यात अमरकंटकची थंडी मात्र कडक असते, म्हणून एसीचे पैसे इन्सुलेशनमध्ये आणि रजया ठेवायच्या कप्प्यात घालावेत.

गाडीची लांबी शेवटी आपली गल्लीच ठरवते. बडा गणपतीकडून आत वळून २३ फुटांची गाडी घरापुढे उभी करता येईल, अशी घरे मल्हारगंजात किती आहेत हे आपण सगळे जाणतो. गाडी दूर कुठेतरी भाड्याच्या जागेत उभी राहिली की तिची बॅटरी उतरते, पाणी सडते आणि शनिवारी सहज महेश्वरला जाऊन येऊ म्हणण्याची हौसही विरते. दोन बाकांची मांडणी ३३५० च्या गाडीत नीट बसते. आडव्या पलंगासह वेगळी बैठक हवी असेल तरच लांब गाडी लागते, आणि ती बैठक बाहेर दोन खुर्च्या टाकूनही होते.

नकाशा पक्का करण्याआधी गच्चीवर खडूने तो पुऱ्या मापाने काढावा. भिंतींच्या जागी खुर्च्या आणि दोऱ्या, बाकांच्या जागी गाद्या. रात्रीचे जेवण झाल्यावर दोघांनी तिथेच झोपावे, दिवा न लावता उठून ‘संडासा’पर्यंत जाऊन यावे. मग दोन रात्री भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये काढाव्यात. ओंकारेश्वर जवळ आहे, तिथवर जाऊन आले तरी पुरे. ज्यांना खडूच्या नकाशासाठी मोठी जागा हवी असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात सांगावे. सभागृह दुपारी रिकामे असते, आणि मोजायची टेप आमच्याकडे आहे.