फौजेने टाकलेले, शिपायांनी पूजलेले

अंबाजोगाईचं निजामकाळातलं नाव मोमिनाबाद. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची इथे छावणी होती. पैसा निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, अशी ही फौज १९०३मध्ये ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली. याच कंटिन्जंटमधला एक शिपाई पुढे औरंगाबादेत बने मियाँ या नावाने अवलिया म्हणून पूजला गेला. शिस्तीत न मावणारा शिपाई संत कसा होतो?

या प्रश्नाचं जुनं उत्तर रोममध्ये सापडतं. रोमन सैन्यात पहाऱ्यावर झोपलेल्याला सोबतीच दांडक्यांनी ठेचून मारत. पळ काढणाऱ्या तुकडीत चिठ्ठ्या टाकून दहातला एक मारला जाई. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव मिळे आणि तंबू तटाबाहेर पडे. इ. स. २९५मध्ये मॅक्सिमिलियन या तरुणाने ख्रिस्ती श्रद्धेपोटी भरतीलाच नकार दिला. २९८मध्ये मार्सेलस या शतकाधिपतीने भर समारंभात कमरपट्टा काढून फेकला. दोघांचीही मान उडवली गेली.

रोमन सैन्यातल्याच संत मॉरिसची कथा याहून मोठी. त्याच्या पलटणीतला दर दहावा शिपाई मारला गेला, तरी तिने ख्रिस्ती श्रद्धेविरुद्धचा हुकूम मानला नाही, असं आख्यायिका सांगते. मध्ययुगात हाच हुकूम मोडणारा योद्ध्यांचा रक्षक ठरला. त्याचा म्हणून मानलेला भाला जर्मन सम्राटांच्या राजचिन्हांत गेला.

विदर्भातलं उदाहरण ताजुद्दीन बाबांचं. जन्म १८६१चा, कामठीच्या छावणीतला. पुढे ते इंग्रजी फौजेत शिपाई झाले. पलटण सागरला असताना ते रात्री दाऊद मक्की यांच्या दर्ग्यात जाऊन बसत, असं भक्त सांगतात. नोकरी सुटली. १८९२मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. दर्शनाला लोक तिथेही येऊ लागले. १९०८मध्ये रघुजीराजे भोसले यांनी हमी देऊन त्यांना आपल्या वाड्यावर नेलं. १९२५मध्ये ते गेले. ताजबागेत आजही सर्व धर्मांचे लोक येतात.

शिपायाला अशा संताकडून बंडाची परवानगी नको असते. गोळीपासून राखण, रजा, बढती, साहेबाची मर्जी हेच त्याचं मागणं. ते मागायचं तर ज्याच्यावर साहेबाची सत्ता चालत नाही, असा माणूस हवा. पुढे सत्ताधाऱ्यांनाही तोच जवळ हवासा वाटतो, मग तो भाल्याच्या रूपात असो की वाड्यावरचा पाहुणा म्हणून. फरक इतकाच, की रोमने अवज्ञेला गुन्हा मानून माणूस संपवला आणि इंग्रजांनी तिला वेड ठरवून कोंडला. म्हणून मॉरिसच्या भक्तांच्या हाती कथा उरली, ताजुद्दीन बाबांच्या भक्तांना मात्र इस्पितळाच्या दारात प्रत्यक्ष बाबा भेटले.