वीर आणि वाटाड्या

कोणत्याही देशाची जुनी कथा घेतली, तरी तींत दोन माणसें बहुधा आढळतातच. एक घर सोडून निघतो. दुसरा त्यास वाट दाखवितो. पहिल्यास लोक वीर म्हणतात. दुसऱ्यास गुरु, ऋषि, साधु, तर कधीं नुसता वाटाड्या. यज्ञाच्या रक्षणासाठीं विश्वामित्र रामास मागावयास आला, तेव्हां दशरथाचा जीव कासावीस झाला. परंतु तो ऋषि आलाच नसता, तर राम हा अयोध्येच्या राजवाड्यांतील एक सद्गुणी राजपुत्र एवढाच राहिला असता. ग्रीक कवि होमर याच्या ‘ओडिसी’ काव्यांत, बाप दूरदेशीं अडकून पडलेल्या टेलिमाकसला धीर देण्यासाठीं अथीना देवी बापाच्या एका जुन्या मित्राचें रूप घेते. त्या मित्राचें नांव मेंटॉर. पुढें फेनेलाँ या फ्रेंच लेखकाच्या १६९९ सालच्या कादंबरीमुळें तें नांव युरोपभर पसरलें आणि विशेषनामाचें सामान्यनाम होऊन बसलें.

अशा पुनःपुन्हां भेटणाऱ्या आकृतींस युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानें मानवी मनांत खोल रुजलेलीं आद्यरूपें मानलें. जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन पंडितानें १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जगांतील वीरकथांचा एकच सांगाडा मांडला: घरांतून प्रस्थान, परक्या मुलुखांतील कसोटी, आणि कांहीं तरी मिळवून परत येणें. सांगाडा सोयीचा आहे खरा; परंतु त्यावर रक्तमांस चढतें तें गांवोगांवच्या कथांत, आणि खरे प्रश्नहि तेथेंच उभे राहतात.

पालघर जिल्ह्यांतील साखरशेत हें जव्हार तालुक्याचें गांव. जव्हार आणि मोखाडा हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पायऱ्यांवर वसलेला. उतारावर नागली आणि वरी, सखल खाचरांत भात, आणि चार घरांचे पाडे दूरदूर विखुरलेले. येथें महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्यानें शेंकडों वर्षें राज्य केलें. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. परंतु त्याच्या स्थापनेची कथा अद्याप सांगितली जाते, व ठाणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांतहि ती नमूद आहे.

जयबा मुकणे हा एका लहानशा गढीचा धनी. पिंप्री येथील देवस्थानास गेला असतां साधूंनीं त्यास आशीर्वाद दिला आणि ‘तूं जव्हारचा राजा होशील’ असें भाकीत केलें. त्या शब्दाच्या बळावर तो निघाला, उत्तरेस काठेवाडापर्यंत गेला, आणि कांहीं वर्षांनीं परत आला. जव्हार तेव्हां एका वारली नायकाच्या ताब्यांत होतें. जयबानें त्याजकडे बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली. नायकानें हंसत होकार दिला. जयबानें त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकीस एक जोडल्या, आणि नायकाचें ठाणेंच वेढून घेतलें. त्याचा मुलगा नेमशाह यास १३४३ सालीं दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपद मिळाल्याचें घराण्याची परंपरा सांगते.

कार्थेजची राणी डायडो हिनेंहि बैलाच्या कातड्याची हीच युक्ति केल्याची कथा रोमन कवि व्हर्जिल याच्या महाकाव्यांत येते. आफ्रिकेचा किनारा आणि जव्हारचा डोंगर यांस एकाच कथेनें बांधावें, हें आद्यरूपांच्या बाजूचें मोठेंच प्रमाण होय. प्रस्थान आहे, आशीर्वाद देणारा साधु आहे, परक्या मुलुखांतील कसोटी आहे, परत येणेंहि आहे. तथापि एक माणूस त्या सांगाड्यांत कोठेंच बसत नाहीं. तो म्हणजे शब्दाला जागून आपलें ठाणें गमावणारा वारली नायक. मुकण्यांच्या कथेंत तो निमित्तमात्र. त्याच्या स्वतःच्या पाड्यावर ही गोष्ट सांगितली गेली असती, तर वीर कोण ठरला असता? वीर कोण, हें कथा सांगणाऱ्याच्या अंगणावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

गुरूचेंहि तसेंच. महाभारताच्या आदिपर्वांत हिरण्यधनु या निषादराजाचा पुत्र एकलव्य द्रोणाचार्यांकडे विद्या मागावयास जातो आणि नाकारला जातो. तो मातीची मूर्ति करून तिच्यापुढें अभ्यास करतो, अर्जुनाहून सरस धनुर्धर होतो, आणि मग तेच द्रोण गुरुदक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागून घेतात. पिढ्यानुपिढ्या ही कथा शिष्याच्या निष्ठेचें उदाहरण म्हणून मुलांस सांगितली गेली. डोंगरांतील पाड्यावरच्या मुलास ती तशी सांगतां येईल काय? त्याला त्यांत आपल्याच रंगाचा, आपल्याच रानांतला मुलगा दिसेल, आणि तो विचारील, ‘शिकविलें नाहीं, तर मागितलें कशाला?’ या प्रश्नास उत्तर नाहीं. जो शिष्याचा हात बळकट करतो तो गुरु. जो हाताचा अंगठा मागतो, त्याच्या अंगीं विद्या कितीहि असो, तो गुरुपदावरून उतरतो.

याच जिल्ह्यांत, डहाणू तालुक्यांत, गुरुपणाचें दुसरें चित्र पाहावयास मिळतें. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगर येथें बालशिक्षणाचें काम केलें, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरांतील सुखवस्तु मुलांसाठीं सुरू झालेली ही पद्धति खेड्यांतील गरिबांच्या मुलांपर्यंत गेली पाहिजे, या निश्चयानें १९४५ सालीं त्या बोर्डीस आल्या. त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षीं लग्न आणि पुढें सहा महिन्यांच्या आंतच वैधव्य, अशा आघातांतून वर येऊन त्या शिक्षिका झाल्या होत्या. १९५७ सालीं हें काम कोसबादच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मुलें शाळेंत येईनात. तेव्हां या दोघींनीं मुलांस दोष दिला नाहीं. बालवाडी पाड्याच्या अंगणांत नेली. गुरें राखणारीं मुलें अंगणांतहि सांपडेनात, तेव्हां शाळा कुरणांत नेली; तीच कुरणशाळा. शिष्यानें गुरूच्या दारीं यावें, हा रिवाज येथें उलटा झाला.

ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. गुरु गेला कीं मठ ओस पडतो, हा नित्याचा अनुभव. येथें तसें झालें नाहीं. अनुताईंनीं तें काम १९९२ सालीं स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालविलें. यांत वीर कोण आणि वाटाड्या कोण? ताराबाई अनुताईंच्या वाटाड्या होत्या. अनुताई पाड्यावरच्या मुलांच्या झाल्या. आणि घराबाहेर पहिलें पाऊल टाकणारें तें मूल हाच खरा प्रस्थान ठेवणारा वीर. या भूमिका माणसास जन्माच्या चिकटलेल्या नसतात, त्या हातोहात पुढें द्यावयाच्या असतात.

हेंच जव्हार-मोखाड्याचा बोहाडा अधिक सोप्या रीतीनें सांगतो. उन्हाळ्याच्या रात्रीं संबळ वाजूं लागतो, आणि गणपति, सरस्वती, राम, रावण, नरसिंह यांचे मोठाले मुखवटे चढवून गांवकरी एकेक सोंग नाचवितात. मुखवटा वजनदार असतो; तो पेलावा कसा, पावलें टाकावीं कशीं, हें वडीलधारे तरुणांस शिकवितात. रात्रभर ज्याच्यापुढें लोक हात जोडतात, तो सकाळीं मुखवटा उतरवून घरच्या कामास लागतो. देवपण मुखवट्याचें होतें, आपलें नव्हे, हें तो जाणतो.

शहरांतील घरांत मुखवटे दिसत नाहींत, पण असतात. बाप मुलाचा गुरु होतो, आणि मूल मोठें झालें तरी मुखवटा उतरवावयास विसरतो. मग सल्ल्याची आज्ञा होते आणि आज्ञेची दक्षिणा मागितली जाते. एखादा कर्तबगार मुलगा घराचा वीर ठरतो, आणि त्याच्यासाठीं ज्या बहिणीनें आपली शाळा सोडली, तिची गोष्ट त्या वारली नायकासारखी कोणी सांगत नाहीं. म्हणून घरांतील थोरांनीं दोन गोष्टी अधूनमधून तपासून पाहाव्या: आपल्या वीराच्या कथेंत कोणाचें ठाणें गेलें, आणि आपण दाखविलेल्या वाटेवर चालणारा आतां आपल्यावांचून चालूं शकतो कीं नाहीं. चालूं शकत असेल, तर पहांट झाली असें समजून मुखवटा खालीं ठेवण्यास हरकत नाहीं.