धनादेशावरील अक्षरी रक्कम

आळेफाट्याच्या कांदा बाजारात मिळालेल्या धनादेशावर १,४५,००० हा आकडा असला, तरी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे हुंडी-धनादेशांविषयीच्या कायद्याच्या, कलम १८ नुसार आकडा व अक्षरे यांत तफावत पडल्यास अक्षरी रक्कमच ग्राह्य धरली जाते. इंग्रजीत ती ‘वन लाख फॉर्टी-फाइव्ह थाउजंड ओन्ली’ अशी लिहावी; शेवटच्या ‘ओन्ली’मुळे मागाहून भर घालणे अवघड होते. मराठीत पंचेचाळीस म्हणताना पाच आधी व चाळीस नंतर येतात, इंग्रजीत हा क्रम उलटा असतो, त्यामुळे घाईत ‘फिफ्टी-फोर’ लिहिले जाण्याचा धोका खरोखरच मोठा आहे, आणि रकमेत खाडाखोड झालेला धनादेश बँकांच्या प्रतिमाधारित समाशोधनात, म्हणजे छायाचित्रावरून होणाऱ्या वटवणुकीत, स्वीकारला जात नसल्याने नवाच धनादेश लिहावा लागतो.