होडीचे इंजिन आणि ट्रॉलीचा जॅक

पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे पाणी, म्हणजे नाथसागर, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव आणि नेवासा तालुक्यांतही पसरले आहे. जलाशय विस्ताराने अफाट, पण काठाकाठाने उथळ. दिवाळी उलटली की पाणी उतरू लागते आणि ऑक्टोबरात जेथे पुरुषभर पाणी होते तेथे एप्रिलात गुडघाभर चिखल उरतो. त्या पाण्याखाली जुनी बांध-कुंपणे आहेत, विहिरींचे कठडे आहेत, तोडलेल्या बाभळींचे बुंधे आहेत. अशा ठिकाणी होडीच्या मागच्या फळीला अडकवलेले इंजिन काठ जवळ येताच वर उचलावे लागते, नाहीतर पंखा पहिल्यांदा मोडतो आणि मग होडी वाहत जाते.

लहान इंजिन हाताने उचलता येते. ४० अश्वशक्तीचे इंजिन मात्र नव्वद-शंभर किलोच्या आसपास असते. ते पाण्यात वाकून, डोलत्या होडीत एकट्याने उचलणे हे कमरेच्या दुखण्याला आमंत्रण आहे. म्हणून मोठ्या इंजिनांवर विजेच्या मोटारीने आणि तेलाच्या दाबाने चालणारे एक उपकरण बसवलेले असते. त्याला ‘पॉवर टिल्ट अँड ट्रिम’ म्हणतात. टिल्ट म्हणजे इंजिन पाण्याबाहेर पूर्ण उचलणे. ट्रिम म्हणजे होडी चालू असताना इंजिनाचा कोन थोडासा बदलणे. कोन आत घेतला की होडीचे पुढचे टोक खाली दबते, बाहेर नेला की वर उठते. फार बाहेर नेला तर पंखा हवा ओढू लागतो आणि जोर जातो.

नवे उपकरण महाग पडते. त्यामुळे भंगारात निघालेल्या इंजिनाचे जुने युनिट आणून आपल्या इंजिनाला बसवण्याचा विचार कुणाच्याही मनात येईल. आपल्या भागात त्यासाठी लागणारे कसब आहे का, असे विचाराल तर भरपूर आहे. राहुरी, नेवासा, शेवगाव या पट्ट्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उलटवणारा जॅक दुरुस्त करणारे मेस्त्री बाजाराच्या प्रत्येक गावी सापडतील. होडीचे युनिट त्यांच्यापुढे ठेवले तर ते म्हणतील, हा तर आपलाच जॅक! त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

दोन्हींच्या मुळाशी पास्कलचा नियम आहे. पास्कलचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला आणि त्या नियमावर जोसेफ ब्रामाने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. बंदिस्त द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. लहान दट्ट्यावर थोडे बल लावून मोठ्या दट्ट्यावर मोठे बल मिळवता येते. वर्गात हे दाखवायला दोन वेगवेगळ्या मापांच्या, सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाईनच्या नळीचा तुकडा पुरे. आम्ही हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा नळीत एक बुडबुडा राहून गेला आणि दट्ट्या स्प्रिंगसारखा मागेपुढे होऊ लागला. ती चूक मुद्दाम करून दाखवण्यासारखी आहे. पुढे तिचा उपयोग होईल. बुडबुडा काढून, मोठा दट्ट्या थोडा वर नेऊन नळी बोटांनी घट्ट चिमटा. आता मोठा दट्ट्या कितीही दाबला तरी खाली जात नाही. चिमटलेली नळी म्हणजेच झडप. लहान सिरिंज दाबताना मोठा दट्ट्या उचलला गेला, पण तो वर टिकला तो झडपेमुळे. मूळ मुद्दा हाच आहे. उचलण्याचे काम पंप करतो. धरून ठेवण्याचे काम झडपा आणि रबरी सील करतात. जुने युनिट घेणारा मात्र बटण दाबून ‘उचलते का’ एवढेच पाहतो.

आता थोडे गणित करू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. मेस्त्री नुसते ‘किलो’ म्हणतात. वर्गात आपण किलोग्रॅम-बल म्हणावे. सिलिंडरचा आतला व्यास ४ से.मी. असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ १२.६ चौ.से.मी. होते. इंजिनाचे वजन ९० किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ३० से.मी. मागे धरला तर आघूर्ण २७०० किलो-से.मी. येते. दट्ट्याचा दांडा बिजागरीपासून १० से.मी. अंतरावर रेटा देत असेल तर त्याला २७० किलो बल लागेल आणि तेलाचा दाब २१ किलो प्रति चौ.से.मी. होईल. हे झाले काठावर उभ्या होडीचे. पाण्यात पंखा होडीला पुढे रेटतो तेव्हा तोच रेटा इंजिनाच्या पायाला मागच्या फळीकडे दाबतो. पंखा बिजागरीच्या ७० से.मी. खाली आणि रेटा १५० किलो धरला तर आघूर्ण १०,५०० किलो-से.मी., दांड्यावर १०५० किलो आणि तेलाचा दाब ८३ किलो प्रति चौ.से.मी.! म्हणजे काठावरच्या जवळजवळ चौपट. काठावर झोकात वर जाणारे युनिट पाण्यात गेल्यावर का मान टाकते, हे यावरून कळावे.

ट्रॉलीचा जॅक आणि होडीचे युनिट यांतला फरक येथून सुरू होतो. ट्रॉलीचा जॅक सहसा एकाच बाजूने काम करतो. तेल आत ढकलले की ट्रॉली उठते, तेलाला परतीची वाट दिली की स्वतःच्या वजनाने खाली बसते. तिला खाली ओढून धरण्याची गरज नसते. होडीच्या इंजिनाला असते. होडी थांबवण्यासाठी पंखा उलटा फिरवला की तो पायाला फळीपासून दूर, वरच्या दिशेने खेचू लागतो. त्या वेळी दट्ट्याच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे दांड्याच्या बाजूला असलेले तेल त्याला अडवून धरते. ती झडप गळकी असेल तर इंजिन हळूहळू वर चढते, पंखा पाण्याबाहेर येतो आणि होडीचा एकमेव ब्रेक नाहीसा होतो. समोर धक्का आहे आणि होडीत दहा माणसे बसली आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

म्हणून युनिटमध्ये विजेची मोटार दोन्ही दिशांनी फिरते. साध्या चुंबकाच्या मोटारीत जोडणीचे धन-ऋण उलटवले की फिरण्याची दिशा उलटते आणि दाताच्या चाकांचा पंप तेल दट्ट्याच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला पाठवतो. मोटार थांबली की दोन्ही अंगांच्या झडपा मिटतात. दट्ट्याच्या अंगातच आणखी काही छोट्या, कडक स्प्रिंगच्या झडपा असतात. पाण्याखालच्या बुंध्यावर पाय आपटला तर दाब एकदम वाढून त्या उघडतात, इंजिन उसळून वर जाते आणि पुन्हा जागेवर येते. जुन्या युनिटमध्ये या झडपा पाझरतात म्हणून कुणी त्या कायमच्या बंद करून टाकण्याचा सल्ला देईल. तो ऐकू नये. मग बुंध्याचा धक्का तेलाऐवजी होडीच्या फळीला सोसावा लागतो.

जुने युनिट निवडताना पहिली अडचण मापांची. ते इंजिनाच्या दोन कंसांच्या मधल्या जागेत बसते. वरच्या-खालच्या पिनांची जाडी, कंसांतले अंतर, दांड्याची लांबी हे सारे जुळावे लागते. हाताने उचलायच्या इंजिनाला तर दांडा टेकण्याची जागाच नसते. तेव्हा युनिट त्याच्या कंसांसकट आणि शक्यतो त्याच नमुन्याच्या इंजिनाचे घ्यावे. वेल्डिंग करून ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहिलेले बरे. दांड्यावरून नख फिरवावे. समुद्रात वापरलेल्या युनिटच्या दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे असतात आणि नखाला लागणारा प्रत्येक खड्डा नवे सीलही कापतो.

विजेची बाजू सोपी वाटते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. मोटार ३० अँपिअर घेत असेल आणि बॅटरीपासून जाऊन-येऊन ८ मीटर तार असेल तर २.५ चौ.मि.मी. तांब्याच्या तारेत सुमारे १.७ व्होल्ट वाया जातात. बाराचे साडेदहाही उरत नाहीत. तीच तार १० चौ.मि.मी. जाडीची घेतली तर तोटा ०.४ व्होल्टवर येतो. ओहमच्या नियमाचे इतके रोकडे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळते. दोरी ओढून सुरू होणाऱ्या काही इंजिनांत बॅटरी भारित करण्याची सोय नसते, हेही आधी पाहावे.

तेल भरताना इंजिन पूर्ण वर घेऊन त्याचा लोखंडी टेकू लावल्याशिवाय टाकीचे झाकण उघडू नये. कारण पुन्हा साधे गणित आहे. २ से.मी. जाडीचा आणि २० से.मी. लांबीचा दांडा आत गेला की ६३ घ.से.मी. तेलाची जागा अडते, तेवढे तेल टाकीत परत येते आणि टाकीतली हवा दाबली जाते. अशा वेळी झाकण सैल केले तर तेल तोंडावर उडते. भरल्यावर इंजिन पाच-सहा वेळा वर-खाली करून हवा बाहेर काढायची. येथे सिरिंजमधला बुडबुडा आठवावा. तेलाचे आकारमान एका टक्क्याने कमी करायला दीडशे किलोच्या आसपास दाब लागतो. हवा ८० पट दाबाखाली ऐंशीव्या हिश्शावर येते. दट्ट्याखाली हवा राहिली तर इंजिन पाण्यात स्प्रिंगवर बसल्यासारखे डुलते. सांडलेले तेल चिंध्यांनी टिपून घरी न्यावे. मुळा धरणाचे पाणी अहिल्यानगर शहर पिते, आणि आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांवर कुणाचे ना कुणाचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे.

मग खरी परीक्षा. इंजिन अर्धे उचलून दांड्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. इंजिनाखाली दोन बोटे अंतर सोडून लाकडी ठोकळा रचावा, म्हणजे झडप हरली तरी कुणाचा पाय जायचा नाही. सकाळी खूण २ मि.मी. सरकलेली दिसली तर लगेच निराश होऊ नये. दिवसा तापलेले तेल रात्री १५ अंशांनी निवले तर सुमारे एक टक्का आकसते, आणि २० से.मी.च्या तेलस्तंभाचा एक टक्का म्हणजे २ मि.मी. पंख्याजवळ हीच हालचाल सातपट, दीड सेंटिमीटरभर दिसते. म्हणून माप दांड्यावरच घ्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवून सकाळीच पुन्हा मोजले, की निवण्याचा भाग बाजूला पडतो आणि उरते ती गळती. मोठी घसरण असेल आणि बाहेर तेलाचा थेंबही नसेल, तर तेल आतल्या आत एका अंगाकडून दुसरीकडे किंवा टाकीत जात आहे.

दुसरी परीक्षा पाण्यात. होडी जाड दोराने काठाला बांधून, कुणी प्रवासी न घेता, पंखा मंद गतीने उलटा फिरवावा आणि एकाने दांड्यावर नजर ठेवावी. दांडा बाहेर सरकू लागला तर दांड्याच्या बाजूची झडप किंवा दट्ट्याचे सील गेले आहे. ते बदलल्याशिवाय त्या होडीत माणसे बसवू नयेत. ही चाचणी ट्रॉलीच्या मेस्त्रीला सुचणार नाही, कारण ट्रॉलीला तिची गरज कधी पडलेली नसते.

एक गोष्ट सौदा करतानाच पाहून घ्यावी. प्रत्येक युनिटच्या बाजूला हाताने दाब सोडण्याचा एक स्क्रू असतो. बॅटरी जलाशयाच्या मध्यावर बसली आणि इंजिन वर अडकले, तर तो सैल करून इंजिन हाताने खाली घेता येते. जुन्या युनिटमध्ये नेमका हाच स्क्रू गंजून घट्ट बसलेला असतो, किंवा पक्कडीने त्याची खाच झिजलेली असते. इंजिनाला खालून आधार देऊन तो सावकाश सोडून पाहावा. इंजिन संथपणे उतरले पाहिजे आणि स्क्रू आवळल्यावर आहे तेथेच थांबले पाहिजे.