मथळा आणि मजकूर

वर्तमानपत्र हाती घेतले की तुमची नजर प्रथम कोठे जाते? मोठ्या, ठळक अक्षरांकडे! बातमीच्या या शीर्षकाला मराठीत मथळा म्हणतात. उर्दूत आपण त्याला सुर्खी म्हणतो. सुर्ख म्हणजे लाल. पूर्वी हस्तलिखितांत शीर्षके लाल शाईने लिहीत, त्यावरून हा शब्द आला.

खालच्या मजकुरात काय आहे, ते थोडक्यात सांगणे हे मथळ्याचे काम. पण कधी कधी मथळा मजकुराच्या पुढे धावतो. मग काय होते, ते पाहा.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’ हे प्रचंड जहाज अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळले आणि पहाटे बुडाले. सुमारे १५०० माणसे मरण पावली. तरीही १५ एप्रिलला न्यूयॉर्कच्या ‘इव्हनिंग सन’ या वर्तमानपत्राने, सर्व प्रवासी वाचले, असा मोठा मथळा छापला! बिनतारी संदेश अर्धवट मिळत होते. जहाजकंपनीचे अधिकारीही धीराचे बोलत होते. तेवढ्यावरून अंदाज केला आणि तोच बातमी म्हणून छापला. प्रवाशांच्या नातेवाइकांना केवढा आनंद झाला असेल! पण त्याच संध्याकाळी खरी बातमी आली.

त्याच दिवशी सकाळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र जेवढे कळले तेवढेच मथळ्यात दिले: जहाज हिमनगावर आदळले, ते बुडत आहे, स्त्रियांना होड्यांत उतरवले आहे आणि शेवटचा संदेश अस्पष्ट आहे.

आपल्या देशातील प्रेस कौन्सिलचाही नियम आहे, की मथळा खालच्या मजकुराशी जुळला पाहिजे. तरी खप वाढावा म्हणून भडक मथळे दिले जातात. आता तर मोबाइलवर नुसता मथळा वाचून लोक तो पुढे पाठवतात.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. वारंवार फसलेला वाचक खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाही. उद्या पुराचा किंवा साथीच्या रोगाचा इशारा छापून आला आणि तोही कोणी खरा मानला नाही, तर?

म्हणून मित्रांनो, मथळ्यावर थांबू नका. पूर्ण बातमी वाचा. हे कोणी सांगितले? कोणी पाहिले? दुसऱ्या वर्तमानपत्रात काय आहे? हे प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत ती बातमी पुढे सांगू नका.