एकच तबकडी तीनदा का तडकली?

श्रोतेहो, वसंतातल्या या व्याख्यानांना संतवाङ्मयापासून अणुशक्तीपर्यंत कोणताही विषय वर्ज्य नाही. तरीही मोटारीच्या एका तडकणाऱ्या तबकडीवर बोलणारा मनुष्य आपल्यापुढे फारसा आला नसेल. मी इंजिनियर नव्हे. कामगार संघटनेचे काम करतो. यंत्राविषयी जे थोडेफार कळते ते फिटरच्या बाकाशेजारी उभे राहून आणि दुरुस्तीची जुनी पुस्तके चाळून कळलेले आहे. या विषयाशी माझी गाठ पडली तीही एका आरोपपत्रामुळे.

एका गॅरेजमधल्या फिटरला निलंबित करण्यात आले होते. ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी अमेरिकन गाडी त्याच्याकडे आली होती. तिचे फ्लायव्हील त्याने बदलले, ते तडकले. पुन्हा बदलले, पुन्हा तडकले. तिसऱ्या वेळीही तेच झाले. पहिल्या वेळी माल खराब असेल, दुसऱ्या वेळी योगायोग असेल, पण तिसऱ्या वेळी हलगर्जीपणाच, असा मालकांचा हिशेब. तो मला म्हणाला, "भाऊ, तिन्ही वेळा बोल्ट मी टॉर्क रेंचनेच आवळले. पुस्तकात दिलाय तेवढाच जोर दिला. ते कशानं फुटतं हे मलाच कळत नाही, तर चौकशीत सांगू काय?" त्याची बाजू मांडायची, तर ती वस्तू का फुटते हे आधी मला समजणे भाग होते.

फ्लायव्हील म्हणजे मूळचे एक जड चाक. इंजिनातला जोर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांमधल्या फटीत क्रँकशाफ्ट फिरता ठेवण्याचे काम हे चाक आपल्या वजनाने करते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत ते जाडजूड असते आणि त्याच्यावर क्लच बसतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या एका बंद भांड्यात समोरासमोर पाती बसविलेली असतात. इंजिनाकडची पाती तेल ढकलतात आणि ते तेल गिअरबॉक्सकडची पाती फिरवते. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनियराची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारींत ती रुळायला पुढे काही दशके लागली; अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९४८ साली डायनाफ्लो या नावाने असा गिअर विक्रीस आणला.

आता हे तेलाचे भांडे स्वतःच इतके जड असते की निराळ्या जड चाकाची गरज उरत नाही. म्हणून क्रँकशाफ्ट आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये पोलादी पत्र्याची एक पातळ तबकडी असते. तिची जाडी साधारण तीन मिलिमीटर. मध्यभागी ती क्रँकशाफ्टला बोल्टांनी जखडलेली, कडेला कन्व्हर्टरला जोडलेली, आणि अगदी परिघावर स्टार्टरसाठी दाते. तिचे खरे नाव फ्लेक्सप्लेट. गॅरेजात मात्र सर्रास फ्लायव्हीलच म्हणतात, आणि घोटाळ्याची सुरुवात मला वाटते तिथूनच होते. फ्लायव्हील म्हटले की मजबूत वस्तू डोळ्यांपुढे येते. ही तबकडी मुद्दामच लवचिक केलेली आहे. फिरण्याच्या दिशेने तिने ताठ राहायचे. पण तेलाच्या दाबाने कन्व्हर्टर किंचित फुगतो, पुढेमागे सरकतो, तेवढे तिने सोसायचे.

तिने सोसू नये अशी गोष्ट एकच. इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत नसले, तर प्रत्येक फेऱ्याला ती एकदा वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार तोडताना आपण ती इकडे-तिकडे वाकवतो. एका वाकवण्याने ती तुटत नाही, पुष्कळ वाकवण्यांनी तुटते. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर तासाला १,२०,००० वेळा हे घडते. सात-आठ तासांच्या प्रवासात दहा लाखांच्या घरात आकडा जातो. चूक केसाएवढी असली तरी पुरते.

तडा कुठे गेला आहे हे पाहिले की अर्धे निदान होते. कन्व्हर्टरच्या बोल्टांची भोके फाटली असतील, तर ते बोल्ट सैल होते, चुकीच्या लांबीचे होते, किंवा कन्व्हर्टर मागे नीट बसलाच नव्हता. तो गिअरबॉक्सच्या पंपात फिरवत फिरवत पूर्ण आत ढकलावा लागतो. गिअरबॉक्स इंजिनाला चिकटल्यावरही कन्व्हर्टर आणि तबकडी यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. बहुतेक गाड्यांत ती तीन ते पाच मिलिमीटर असते. मुळात गिअरबॉक्स हाताने टेकला पाहिजे. बोल्ट आवळून तो ओढून आणावा लागत असेल तर तिथेच थांबावे. दाते एकाच जागी झिजले असतील तर स्टार्टरकडे पाहावे. आणि मधल्या बोल्टांभोवती गोल तडा असेल, कडेला तांबूस भुकटी असेल, तर रेष चुकल्याचा संशय प्रथम घ्यावा. आमच्या फिटरने तिन्ही जुन्या तबकड्या टाकून दिल्या नव्हत्या, हे नशीब. तिन्हींवर तडा मधल्या बोल्टांभोवतीच होता.

वजनाच्या तोलाचा दोष असू शकेल का? असू शकतो. काही इंजिनांत तोल साधणारे वजन या तबकडीवरच असते. फोर्डच्या ३०२ घन इंची इंजिनासाठी १९८० च्या दशकाच्या आरंभी हे वजन २८ वरून ५० औंस-इंच झाले. दोन्ही तबकड्या एकमेकींच्या जागी बसतात, म्हणून चूक सहज होते. पण तेव्हा सारी गाडी थरथरते. ही गाडी थरथरत नव्हती. आवाज मात्र करी, आणि तोही असा की बिग एंड बेअरिंग गेले असे वाटावे. एका ठिकाणी या आवाजासाठी इंजिन उघडण्याची शिफारसही झाली होती. गाडीधन्याने ती मानली असती तर काही हजारांचा चुराडा झाला असता. कन्व्हर्टरचे बोल्ट काढून तो मागे ढकलावा आणि इंजिन थोडा वेळ चालवून पाहावे. आवाज गेला तर इंजिनाच्या पोटात शिरण्याचे कारण नाही. तो गेला.

फोरमनने डायल गेज लावून क्रँकशाफ्टचे तोंड तपासले. ते सरळ होते. शाफ्टची पुढेमागे होणारी हालचालही मर्यादेत होती. एवढ्यावर तपास संपला, असे त्यांचे मत पडले. मी विचारले, गिअरबॉक्सचे पुढचे सील किती वेळा गळले? दोनदा. पंपाचा बुश? काढून पाहिला तर एकाच बाजूने खाल्लेला. म्हणजे कन्व्हर्टरचे मागचे टोकही तिरके ओढले जात होते. दोन्ही टोके एकच गोष्ट सांगत होती, आणि ती दोन निरनिराळ्या बिलांवर निरनिराळी लिहिलेली होती.

मग इंजिनाची पाठ धुऊन पुसून पाहिली. सुतार दोन फळ्या जोडताना खुंट्या बसवतो, तशा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन पोलादी खुंट्या असतात. त्यांना डॉवेल पिन म्हणतात. बोल्ट फक्त आवळून धरतात. जागा ठरवतात त्या या पिना. बोल्टांची भोके बोल्टांपेक्षा जरा मोठी असतात, त्यामुळे पिना नसल्या तर गिअरबॉक्स स्वतःच्या वजनाने तेवढा खाली उतरतो. इथे दोन्ही भोके रिकामी होती. या गाडीचे इंजिन पूर्वी दुसरीकडे बदललेले होते. पिना जुन्या इंजिनाबरोबर भंगारात गेल्या असाव्यात.

याआधी एकाने जाड तबकडी बसवण्याचा सल्ला दिला होता. ती कदाचित फुटली नसती. मग तोच ताण पंपावर आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर गेला असता, आणि पुढचे आरोपपत्र गिअरबॉक्स उघडणाऱ्याला मिळाले असते.

पिना बसवल्या. बुश, सील आणि चौथी तबकडी बसवली, तीही त्याच फिटरच्या हातून, कारण तशी अट आम्ही घातली होती. गाडी त्या कामासाठी पुन्हा आली नाही. आता फिटरने पहिल्याच वेळी पिना पाहायला नको होत्या का, असे कोणी विचारील. पाहायला हव्या होत्या, हे त्याने चौकशीत स्वतःच सांगितले. पण त्याच्या कार्डावर काम लिहिलेले होते ते "फ्लायव्हील बदलणे" एवढेच, आणि वेळही तेवढ्याचाच दिलेला होता. आरोपपत्र मागे घेण्यात आले. निलंबनाच्या काळातला पूर्ण पगार मात्र मिळाला नाही. तपास फोरमनने पुरा केला, फिटरने नव्हे, असे मालकांचे म्हणणे पडले. आणि त्या मुद्द्यावर आमची दुसरी बैठक ठरली.